एक पाटा वाढवून द्या

अकोला असो की अमरावती, कमान-पाट्यांच्या दुकानावर दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एकाची गाडी माल भरला की मागून बसते. दुसऱ्याची गाडी वळणावर झुकते, सरळ रस्त्यावर डोलते आणि स्टिअरिंग फिरवल्यावर जराशी थांबून मग वळते. तक्रारी वेगळ्या, पण इलाज ठरलेला: ‘‘एक पाटा वाढवून देतो ना भाऊ, मंग पाहा.’’ पहिल्याचं काम होतं. दुसऱ्यालाही ते झाल्यासारखं वाटतं, कारण गाडी कडक लागते, आणि कडक गाडी म्हणजे हातात राहणारी गाडी हे आपल्याकडे कुणाला सिद्ध करावं लागत नाही.

ही समजूत अर्धीच खरी आहे. गाडीतला कडकपणा दोन घराण्यांचा असतो. एक ओझ्यासाठीचा, तो कमानीत राहतो. दुसरा दिशेसाठीचा, तो सांगाड्यात, बुशांत आणि स्टिअरिंगच्या सांध्यांत राहतो. वऱ्हाडानं शंभर वर्षं पहिल्याची सेवा केली. दुसऱ्याची गरज इथे पडू लागली ती फार अलीकडे, रस्ता सुधारल्यावर. दुकानातला इलाज मात्र पहिल्याच घराण्याचा राहिला.

सुरुवात बंडीपासून करावी लागते. बंडीला कमान नव्हती आणि त्यावाचून तिचं फारसं अडलंही नाही. लाकडी कणा, दोन चाकं, चाकांना आरे, वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव. दोन चाकं आणि बैलांच्या मानेवरचं जू, असे तीन आधार. तीन आधारांवरची वस्तू कितीही उंचसखल जागी ठेवली तरी नीट बसते. एक चाक चाकोरीत गेलं तर अख्खी बंडी कलते, पण तिला पीळ पडत नाही. म्हणून तिचे सांधे ढिले झाले, आरे करकरू लागले, तरी वाट चुकत नसे. दिशा बैलांच्या हाती होती. तळेगाव दशासरच्या शंकरपटात धावणारी हलकी गाडी हीसुद्धा याच जातीची. तिला सरळ धावायचं असतं, वळायचं नसतं. तिथे सेकंदाचे हिस्से मोजतात, वजन मोजतात. गाडीचा कडकपणा कुणी विचारत नाही.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, १८६०च्या दशकात रेल्वे आली, आणि बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला या स्टेशनांकडे कापसाच्या बंड्यांची रीघ लागली. वाट काळ्या मातीची. उन्हाळ्यात चाकोऱ्या दगडासारख्या कडक, पावसात तुंब्यापर्यंत चिखल. या जमिनीवर बिनकमानीची, दोन चाकांची, सैल सांध्यांची बंडी हाच शहाणपणाचा नमुना होता. ज्यांना कमानीवर बसायचं होतं त्यांच्यासाठी टांगे आले, पण तेही दोनचाकीच.

गाडीला चार चाकं लागली की घोळ सुरू होतो. चारांतलं एक चाक खड्ड्यात गेलं की सांगाडा पिळला जातो. युरोपातल्या चारचाकी बग्ग्यांच्या पोटाखालून पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत एक जाड दांडा जात असे, आणि सगळी ओढाताण तो सोसत असे. १८०४ साली लंडनच्या ओबाडाया इलियटनं लंबवर्तुळाकार कमानीचं पेटंट घेतलं: पोलादी पाट्यांच्या चळती समोरासमोर जोडायच्या आणि बग्गी थेट त्यांच्यावर बसवायची. मग तो दांडा उरलाच नाही. बग्गी हलकी झाली, खाली आली, बसणाऱ्याला सुख झालं. एक जबाबदारी मात्र गुपचूप सरकली. दांडा जे सोसायचा ते आता बग्गीच्या अंगावर आलं. सांगाडा कडक हवा ही मागणी इथे जन्मली, तीही कमान मऊ झाल्यामुळे. मऊ कमान आणि कडक सांगाडा ही जोडी मोटारीच्या आधीची आहे, हे आपले हौशी मोटारवाले सहसा विसरतात.

चौदा वर्षांनी, १८१८ साली, म्युनिकच्या लांकेनश्पेर्गर या बग्गी बांधणाऱ्याची युक्ती रुडॉल्फ आकरमान यांनी लंडनमध्ये पेटंट केली. अख्खा आस वळवण्याऐवजी पुढची दोन चाकं आपापल्या खुंटीवर वळवायची, आतलं थोडं जास्त, बाहेरचं थोडं कमी. आजच्या कुठल्याही मोटारीच्या टाय रॉडमागे हीच भूमिती आहे. १८९१च्या सुमाराला फ्रान्सच्या पानार-लव्हासोर कंपनीनं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना असा मोटारीचा साचा घालून दिला, तेव्हा खालचा सांगाडा शिडीसारखा होता आणि कमानी बग्गीच्याच होत्या.

पाट्याच्या कमानीचा हेवा करावा असा गुण म्हणजे ती एकटी तीन नोकऱ्या करते. वजन उचलते, आस जागेवर धरते, आणि पाट्यावर पाटा घासून धक्काही थोडा जिरवते. यंत्रं कमी, लोहार हुशार, अशा मुलखात यापेक्षा चांगली वस्तू सापडणार नाही. मेन पाटा तुटला तरी बाकीच्यांवर गाडी रखडत गावापर्यंत पोचते. पण तिन्ही नोकऱ्या एकाच वस्तूकडे असल्यानं एकीत बदल केला की बाकीच्या दोन बिघडतात. शॅकलचे, म्हणजे कमानीच्या टोकाच्या झुलत्या कडीचे, बुश झिजले की वजन तसंच उचललं जातं, आस मात्र मागेपुढे, आडवा सरकू लागतो, आणि मग चालकानं स्टिअरिंग न फिरवताही गाडी स्वतःच किंचित वळते.

हे पुढच्या चाकांना कमान असलेल्या जीपवर सगळ्यात चांगलं कळायचं. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि पुढची कित्येक दशकं वऱ्हाडात साहेबाची, पुढाऱ्याची आणि मेळघाटात जाणाऱ्या प्रत्येक खात्याची गाडी म्हणजे जीप. चारही कोपऱ्यांना पाटे, खाली शिडीचा सांगाडा. पुढचं चाक दगडावर चढलं की आस कमानीच्या वळणानं एका कंसात वर जातो आणि स्टिअरिंगचा दांडा आपल्या टोकाभोवती दुसऱ्या कंसात फिरतो. दोन कंस जुळत नाहीत, म्हणून चाक थोडं वळतं आणि स्टिअरिंग हाताला झटका देतं. जुन्या चालकांनी अंगठा आत न अडकवता स्टिअरिंग धरायची सवय लावून घेतली, ती उगाच नाही. गंमत म्हणजे युद्धकाळच्या विलीजमध्ये आसाचा पीळ आवरायला अमेरिकन अभियंत्यांनीही पुढच्या डाव्या कमानीला एक जादा पाटा जोडला होता. म्हणजे ‘पाटा वाढवून द्या’ हा उपाय फक्त आपल्या दुकानातला नाही.

पण त्याच अमेरिकेत त्याआधीच मॉरिस ओली नावाच्या माणसानं या विचाराची मुळं हलवली होती. रोल्स-रॉइसमधून तो जनरल मोटर्समध्ये आला आणि वजनं इकडेतिकडे सरकवता येतील अशी चाचणीची गाडी करून माणसाला नेमकं काय सुखाचं वाटतं ते शोधत बसला. १९३४च्या मॉडेलांत जनरल मोटर्सच्या गाड्यांना पुढची चाकं सुटी मिळाली, प्रत्येकाला आपली कमान. पुढची कमान मऊ ठेवली तर प्रवास सुधारतो, हे त्याचं म्हणणं. मात्र चाकाला जागेवर धरण्याचं काम आता पोलादी बाहूंकडे गेलं, आणि ते बाहू ज्याला जोडले तो सांगाडाच पिळला तर सगळं मुसळ केरात. इटलीत व्हिन्चेंझो लान्चियानं १९२२च्या लाम्ब्दामध्ये शिडी काढून टाकून गाडीचं अंगच सांगाडा केलं होतं. १९३४ची फ्रेंच सित्रोएन तर पुरती पोलादी आणि एकजीव.

सांगाडा कडक असला की स्टिअरिंग चटकन का ऐकतं? झाकण नसलेला पुठ्ठ्याचा खोका दोन हातांत धरून पिळून पाहा, सहज पिळतो. झाकण चिकटवा, पिळत नाही. शिडीच्या सांगाड्याची उघडी पन्हळी पोलादी पट्टी बिनझाकणाची असते, बंद डब्याच्या तुळ्या आणि छतासकट जोडलेलं अंग झाकणाचं. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. ते पुढून किती आणि मागून किती हे कमानी आणि स्टॅबिलायझर ठरवतात. सांगाडा लिबलिबीत असेल तर तोच एक जादा, बेहिशेबी कमान होतो. पुढचं टोक वळायला लागलेलं असतं आणि मागच्या टोकाला ही खबर उशिरा पोचते. हाताला जाणवणारी ती जराशी दिरंगाई ही. सांगाडा जर स्टॅबिलायझरइतकाच मऊ असेल तर स्टॅबिलायझरची निम्मी मेहनत सांगाडा पिळण्यात जाते. मग स्टॅबिलायझर आणखी जाड करून पैसे वाया घालवता येतात. आजच्या चांगल्या मोटारीचं अंग एक अंश पिळायला वीस हजार न्यूटन-मीटरच्या आसपास जोर लागतो, म्हणजे एक मीटर दांड्याच्या टोकाला दोन टन टांगल्यासारखं.

आपल्याकडे ही विद्या गुपचूप आली. अॅम्बेसेडर हा इंग्रजांच्या मॉरिस ऑक्सफर्डचा अवतार. तिला शिडी नव्हती, पुढे टॉर्शन बार होते आणि स्टिअरिंग रॅकचं होतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात बांधलेल्या फियाट ११०० आणि नंतर पद्मिनीलाही पुढे कॉइल, मागे पाटे, अंग एकजीव. कागदावर दोन्ही गाड्या जीपच्या पुढच्या पिढीतल्या. पण अमरावतीच्या रस्त्यावर त्यांची परीक्षा वळणांत झालीच नाही. ती झाली लग्नाच्या वऱ्हाडात, सात माणसं आणि डिकीत भांडी घालून. नापास झालेल्या भागाला नाव मिळालं: ‘मागचे पाटे बसले.’

एसटीचा किस्सा निराळा आहे. टाटा आणि लेलँडच्या उघड्या चेशीवर महामंडळाच्या कारखान्यात अंग बांधलं जाई, तेही वर्षानुवर्षं अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी ठोकून. चेशी मुद्दाम लवचीक. कच्च्या रस्त्यावर चारही चाकं जमिनीला टेकली पाहिजेत म्हणून. अंग मात्र लवचीक नाही. चेशी पिळली की पत्रे एकमेकांवर घासत, रिव्हेट सैल होत, आणि काही वर्षांत तो खडखडाट सुरू होई ज्यावरून लाल गाडी गावाबाहेर असतानाच ओळखू यायची. अलीकडे महामंडळ पोलादी सांगाड्याच्या अंगाकडे वळलं त्यामागे अपघातातली सुरक्षितता हे मोठं कारण. त्यानं गाडी शांतही झाली, याचं कौतुक कुणी केलेलं वाचलं नाही.

आणि मग काळी-पिवळी, सवाऱ्या भरून धावणारी जीप. वऱ्हाडातल्या पाट्याच्या धंद्याचा सुवर्णकाळ कुठला असं विचारलं तर मी दर्यापूर, अकोट, परतवाडा, धारणी या वाटांवरच्या कमांडर आणि ट्रॅक्सचा काळ म्हणेन. नऊ-दहाच्या जागी पंधरा-वीस माणसं, मागच्या पायरीवर तिघं लोंबकळत, टपावर तुरीची पोती. मागे पाटा वाढवल्यावाचून ही गाडी उभीच राहिली नसती. हिशेब सोपा आहे. सारख्या जाडीच्या सात पाट्यांना आठवा जोडला की कमान साधारण चौदा टक्के कडक होते. जाडीचा मामला घनाचा: सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घेतला तर तो एकटा सव्वादोन पटींहून अधिक कडक. दुकानदाराला हे सूत्र पाठ नसेल, हाताला ठाऊक असतं.

पण बिल इथेच संपत नाही. वळणावर जे टोक जास्त कडक ते बाहेरच्या चाकावर जास्त ओझं टाकतं, आणि ते टोक आधी घसरतं. मागे पाटा वाढवून रिकामी जीप पावसात सेमाडोहच्या घाटात नेली की मागचं अंग बाहेर जायला पाहतं ते म्हणून. शिवाय मागून गाडी उचलली गेली की नाक खाली येतं. पुढच्या चाकांच्या खुंट्या मागे रेललेल्या असतात, त्या रेलण्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. नाक झुकलं की हे रेलणं कमी होतं. स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी सरळ रस्त्यावर भटकू लागते. आणि गिऱ्हाईक खूश असतं, कारण हलकं स्टिअरिंग त्याला चपळ वाटतं. चपळाई आणि चंचलपणा यांतला फरक साठाच्या वेगाखाली कळत नाही. तेव्हा रस्ताच साठाखालचा होता.

मारुती आल्यावर पुढे स्ट्रट आले. अर्ल मॅकफर्सनची ही रचना फोर्डनं १९५० साली इंग्लंडातल्या कॉन्सल-झेफिरला दिली होती. वऱ्हाडात ती दिसू लागली १९८३ नंतर, आठशे आणि व्हॅनच्या पोटात. व्हॅनला पुढे स्ट्रट, मागे पाटे: दोन्ही घराणी एकाच छताखाली. स्ट्रटमध्ये शॉकअपच चाकाचा खांब असतो आणि त्याचं वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याच्या घुमटाला जोडलेलं असतं. वळणावर दोन घुमट किंचित जवळ-दूर होतात, म्हणून हौशी लोक त्यांच्यामध्ये आडवा दांडा टाकतात. शर्यतीच्या गाडीत त्याचा उपयोग आहे. रोज अमरावतीच्या राजकमल चौकात ट्रॅफिकमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत तो बॉनेट उघडून दाखवायच्या कामाचा. दुसरी टूम कॉइलच्या वेटोळ्यांत रबरी बफर ठोकायची. सहा चालत्या वेटोळ्यांपैकी एक अडवलं की कॉइल वीस टक्के कडक. म्हणजे काय, तर तोच वाढवलेला पाटा, रबराच्या वेषात.

माझं मत विचाराल तर बहुतेक जुन्या गाड्यांत स्टिअरिंगची दिरंगाई कमानीत नसतेच. ती असते लोअर आर्मच्या चिरलेल्या बुशांत, टाय रॉड एंडच्या प्लेमध्ये, स्टॅबिलायझरच्या वाजणाऱ्या लिंकमध्ये, दमलेल्या शॉकअपमध्ये आणि टायरच्या हवेत. हे सगळं नवं केलं तर गाडी मूळच्या मऊ कमानीवरही चटकन वळते. पण बुश बदलून आल्यावर गाडी बाहेरून तशीच दिसते, आणि वाढवलेला पाटा शेजाऱ्यालाही दिसतो.

रस्ता बदलला, तेव्हा ही गोष्ट पृष्ठभागावर आली. अमरावती-अकोला हा महामार्ग, पूर्वीचा सहा क्रमांकाचा, आताचा त्रेपन्न, वर्षानुवर्षं रखडला होता. जून २०२२मध्ये लोणी ते माना या टप्प्यावर राजपथ इन्फ्राकॉननं ७५ किलोमीटर एकपदरी सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम केला. (दुपदरी हिशेबानं हे अंतर साडेसदतीस किलोमीटर होतं, पण विक्रमाच्या बातमीत साडेसदतीस कुणी वाचत नाही.) त्याच डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तो धामणगाव, नांदगाव खंडेश्वरच्या बाजूनं अमरावती जिल्ह्यातून जातो आणि मोटारींना १२०चा वेग देतो. जी गाडी जन्मभर चाळीस-पन्नासात चालली ती शंभरीत आली.

खाली मात्र माती तीच. पूर्णा खोऱ्यातली काळी चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता खड्डा न पडताही लाटांसारखा उठतो-बसतो. समजा, लाट पंचवीस मीटर लांब आहे. ताशी चाळीसनं जाताना तिचा हेलकावा दर दोन-सव्वादोन सेकंदांनी येतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. ताशी शंभरनं तोच सेकंदाला एकदाहून थोडा जास्त येतो. मोटारीचं अंग कमानींवर साधारण याच तालात वरखाली होतं. ताल जुळला की गाडी तरंगू लागते, पुढची चाकं क्षणभर हलकी पडतात आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. इथे कमान कडक केली तर दुखणं जात नाही, शंभरावरून एकशेदहा-वीसवर सरकतं. त्याला आवर घालतो शॉकअप, आणि शॉकअपला नीट काम करू देतो न पिळणारा सांगाडा.

हे उत्तर आता कारखान्यातूनच येतं. चाकणला बनणारी २०२२ची स्कॉर्पिओ-एन खाली अजून शिडीचीच आहे, पण बंद डब्याच्या तुळ्यांची. मागे पाटे नाहीत, कॉइल आहेत, आणि आस आडवा सरकू नये म्हणून वॉटची जोडणी आहे: जेम्स वॉटनं १७८४ साली वाफेच्या इंजिनाचा दट्ट्या सरळ रेषेत चालावा म्हणून शोधलेली. पाट्याच्या तीन नोकऱ्या तीन वेगळ्या भागांना वाटून दिल्या, एवढाच या प्रगतीचा अर्थ. विजेच्या गाड्यांत तर बॅटरीचा जाड डबाच तळाला झाकणासारखा बसतो आणि अंग आपोआप कडक होतं.

पाट्यांचं दुकान त्यामुळे ओस पडलेलं नाही. वरूड-मोर्शीच्या बागांतून संत्र्याचे क्रेट घेऊन निघणाऱ्या पिकअपला मागे पाटेच असतात आणि असायला हवेत. तिथे ओझं खरं आहे आणि वाढवलेला पाटाही खरा. बोलेरोला आजही मागे पाटेच आहेत. अलीकडच्या बऱ्याच मालवाहू गाड्यांत सात-आठ पाट्यांच्या चळतीऐवजी मध्ये जाड आणि टोकांना निमुळते होत गेलेले दोन-तीनच पॅराबोलिक पाटे येतात. ते एकमेकांना मध्ये आणि टोकांनाच टेकतात, म्हणून घासत नाहीत, आणि त्यांच्यात चौथा जुना सपाट पाटा सारला तर सगळा हिशेब मोडतो. तरी गिऱ्हाईक तेच मागतं, आणि कारागीर यू-बोल्ट लांब घेऊन तो बसवूनही देतो.